मेक्तिलाची आग आणि आमचे मौन

ब्रह्मदेशाचे नाव बौद्ध घरांतून आदराने घेतले जाते, आणि त्याला कारणही तसेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ज्या महास्थविर चंद्रमणींनी बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले, ते कुशीनगरास वास्तव्य करून असले तरी जन्माने अराकानचे, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे होते. त्याआधी दोन वर्षे, १९५४ च्या डिसेंबरात, रंगूनला भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेस बाबासाहेब प्रकृती ढासळलेली असतानाही गेले होते. भारतातून हद्दपार झालेला धम्म ज्या देशांनी शतकानुशतके सांभाळला, त्यांत ब्रह्मदेशाचा मान मोठा आहे. हे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु ऋण मान्य करणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. त्या देशातील मेक्तिला नावाच्या शहरात २०१३ च्या मार्च महिन्यात बुद्धाचे नाव घेऊन जे करण्यात आले, त्याविषयी आमच्या विहारांतून आणि सभांतून जेवढे बोलले जावयास हवे होते तेवढे बोलले गेलेले नाही.

या मौनाचा फायदा दोन प्रकारचे लोक घेत आहेत. पहिले टवाळ आहेत. ते म्हणतात, 'पाहा तुमचा शांतीचा धर्म! मग हिंदू धर्म सोडून तुम्ही मिळविले तरी काय?' दुसरे मात्र गोड बोलणारे आहेत. ज्यांच्या आज्यांनी आमच्या आज्यांना पाणवठ्याला शिवू दिले नाही, दीक्षेनंतर मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले म्हणून ज्यांच्या गावांनी आमच्या वस्त्यांचे दळण आणि मजुरी बंद केली, तेच आता 'बौद्ध आमचेच भाऊ' असे म्हणत वस्तीत येतात, आणि सांगतात, 'ब्रह्मदेशातल्या तुमच्या भिक्षूंनी मुसलमानांना कसा धडा शिकविला, तो पाहा.' नव्याने दीक्षा घेतलेल्या घरातील तरुण पहिल्यापुढे शरमेने मान खाली घालतो. दुसऱ्यापुढे त्याची छाती फुगते. आम्हाला पहिल्याची चिंता नाही. टवाळाला उत्तर देता येते. ज्याची छाती फुगली त्या तरुणासाठी मात्र हा लेख आहे.

प्रथम काय घडले ते नीट पाहू. मेक्तिला हे मंडालेच्या दक्षिणेस, मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या मुलखात, एका मोठ्या तळ्याकाठी वसलेले लाखभर वस्तीचे शहर आहे. मोठे रस्ते येथे एकमेकांस मिळतात, लष्कर व विमानदळाची ठाणी जवळ आहेत. १९४५ साली जपान्यांशी झालेली एक निर्णायक लढाई याच शहराभोवती झाली आणि तीत हिंदी पलटणी लढल्या. शहरात मुसलमान वस्ती सुमारे एक-तृतीयांश होती. २० मार्च २०१३ रोजी सकाळी बाजारातील एका मुसलमान सोनाराच्या दुकानात, खेड्यातून दागिना विकावयास आलेल्या बौद्ध जोडप्याशी तंटा झाला. तंट्यावरून मारामारी झाली, जमाव जमला, दुकान फोडले गेले. त्याच दिवशी नंतर काही मुसलमान तरुणांनी मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका भिक्षूस खाली ओढून अत्यंत क्रूरपणे ठार केले.

हा खून आम्ही मुद्दाम आधी सांगतो. मारेकरी मुसलमान होते म्हणून तो लपविणे हा लबाडपणा आहे. आणि त्या एका खुनाच्या आडोशाने पुढचे सगळे पचविणे हाही लबाडपणाच आहे.

त्यानंतर दोन दिवस काठ्या, कोयते आणि रॉकेल घेतलेल्या टोळ्यांनी शहर ताब्यात घेतले. मुसलमानांचे मोहल्ले एकेक करून पेटविण्यात आले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने उपग्रहातून घेतलेल्या छायाचित्रांवरून ८२८ इमारती जमीनदोस्त झाल्याचे मोजले. सरकारी हिशेबानेच ४० हून अधिक माणसे मेली. १२ हजारांहून अधिक बेघर झाली, आणि त्यांत बौद्धही होते.

या सर्वांत मिंगला झायोन भागातील मदरशाची हकीकत विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. २० तारखेच्या रात्री जमाव येत असल्याचे पाहून तेथील विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले व जवळच्या दलदलीतील उंच गवतात लपून राहिले. २१ तारखेस सकाळी पोलीस आले. 'आमच्याबरोबर चला' असे सांगून पोलिसांनी त्यांना गाड्यांकडे न्यावयास सुरुवात केली. दोन्ही बाजूंस जमाव उभा होता. त्या रांगेतून, पोलिसांच्या डोळ्यांदेखत, मुलांना ओढून काढून मारण्यात आले. फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स या डॉक्टरांच्या संस्थेने प्रत्यक्षदर्शींच्या जबान्या घेऊन किमान २० विद्यार्थी व ४ शिक्षक मारले गेल्याची नोंद केली आहे. इतर वृत्तांतील आकडा याहून मोठा आहे. पोलिसांनी स्वतःच केलेले त्या दिवसांचे चित्रण पुढे बीबीसीच्या हाती लागले व एप्रिल २०१३ मध्ये ते साऱ्या जगाने पाहिले. दुकाने फुटत आहेत, माणूस जळत आहे, आणि गणवेशातील माणसे उभी आहेत.

२२ मार्च रोजी राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी मेक्तिला व शेजारचे तीन तालुके यांत आणीबाणी पुकारली. लष्कर रस्त्यावर आले आणि शहरातील दंगल थांबली. ज्या शहराच्या वेशीवर लष्कराचे ठाणे आहे, त्या शहरातील आग तिसऱ्या दिवशी विझविता आली, तर ती पहिल्या दिवशी का विझविता आली नाही? हा प्रश्न विचारण्यासाठी ब्रह्मदेशाचा इतिहास ठाऊक असण्याची गरज नाही. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात ज्यांची घरे पेटली, त्यांना तो प्रश्न आपोआप सुचतो. एका नावासाठी आमच्या झोपड्या जाळण्यात आल्या तेव्हा गावचा पोलीसपाटील कोठे होता, फौजदार किती तासांनी आला, आणि आल्यावर त्याने कोणाची जबानी लिहून घेतली, हे आमच्या वडिलधाऱ्यांना विचारून पाहावे. मेक्तिलाच्या मुसलमानाची हकीकत त्यांना परकी वाटणार नाही.

कोर्टात काय झाले तेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०१३ मध्ये सोन्याच्या दुकानाचे मालक, त्यांची पत्नी व एक नोकर यांना प्रत्येकी १४ वर्षांची शिक्षा झाली. ही पहिली शिक्षा, आणि ती ज्यांचे दुकान फुटले त्यांना. भिक्षूच्या खुनासाठी मुसलमान आरोपींना जबर शिक्षा झाल्या. त्याबद्दल आमची तक्रार नाही. जुलै २०१३ मध्ये २५ बौद्ध आरोपींना खून व इतर गुन्ह्यांसाठी शिक्षा झाल्या, त्या १५ वर्षांपर्यंतच्या होत्या. म्हणजे न्याय अजिबातच झाला नाही असे म्हणता येत नाही. परंतु त्याचा क्रम पाहावा, आणि त्यात कोण नाही तेही पाहावे. ज्या पोलिसांच्या रांगेतून मुले ओढून नेली गेली त्यांचा जबाब कोणी घेतला? वर्षभर आधीपासून ज्यांनी व्याख्यानांतून आणि तबकड्यांतून तेल ओतून ठेवले, ते कोणत्या पिंजऱ्यात उभे राहिले? आमच्याकडील कायद्याचे सूत्र असे आहे की बेकायदेशीर जमावाच्या समान उद्देशाने गुन्हा घडला तर जमावातील प्रत्येकजण त्यास जबाबदार. पूर्वी ते दंडसंहितेचे १४९ वे कलम होते, आता न्यायसंहितेचे १९० वे आहे. या सूत्राने दगड मारणारा सापडतो. दगड कोणाला मारावा हे व्यासपीठावरून शिकविणारा त्या वेळी दुसऱ्याच गावी असतो, आणि तो क्वचितच सापडतो. फौजदारी कोर्टात वकिली करणाऱ्यांस हे नित्याचे आहे.

तेव्हा या शिकविणाऱ्यांकडे वळू. मेक्तिलाच्या आधी काही महिने ब्रह्मदेशात '९६९' नावाची चळवळ सुरू झाली. आकड्याचा अर्थ कळला तेव्हा आम्ही थक्क झालो, कारण तो आमच्या घराघरांत रोज संध्याकाळी म्हटला जातो. बुद्धाचे नऊ गुण, धम्माचे सहा, संघाचे नऊ. त्रिरत्न वंदनेत हात जोडून आमची मुले जे पालीत म्हणतात, तेच हे चोवीस गुण. मुसलमानांच्या दुकानांवर ७८६ हा आकडा असतो, त्याला प्रत्युत्तर म्हणून बौद्धांच्या दुकानांवर, टॅक्सीवर, पानाच्या गादीवर ९६९ ची रंगीत चिठ्ठी चिकटवावी, आणि बौद्धाने अशा दुकानातूनच माल घ्यावा, असा त्या चळवळीचा आदेश.

या आदेशाचे मराठी नाव बहिष्कार असे आहे. हा शब्द आम्हाला शब्दकोशात पाहावा लागत नाही. १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाचेच नाव 'बहिष्कृत भारत' ठेवले. महाडच्या सत्याग्रहानंतर आणि धर्मांतरानंतर गावोगाव आमच्यावर जे हत्यार चालविण्यात आले ते हेच होते: यांना माल विकू नका, यांचा माल घेऊ नका, यांना कामावर बोलावू नका. २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या माणसावर घातलेला सामाजिक वा आर्थिक बहिष्कार अत्याचार-प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरला, आणि महाराष्ट्राने २०१६ साली बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला. यासाठी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या झगडलो. तेच हत्यार त्रिरत्नांच्या गुणांचा आकडा कोरून दुसऱ्या कोणावर चालविले जात असेल, तर ती बुद्धाची विटंबना आहे असे म्हणावयास कोणत्याही बौद्धाने कचरू नये.

या चळवळीचा सर्वांत प्रसिद्ध प्रचारक मंडालेचा भिक्षू विराथू. मुसलमानांविरुद्ध चिथावणी दिल्याबद्दल २००३ साली त्यास २५ वर्षांची शिक्षा झाली होती. २०१२ च्या जानेवारीत माफी मिळून तो सुटला. मनात कितीही दया-प्रेम असले तरी पिसाळलेल्या कुत्र्याशेजारी झोपता येत नाही, अशा आशयाचे त्याचे बोलणे वर्तमानपत्रांतून छापून आलेले आहे. चवदार तळ्यावर कुत्री पाणी पीत आणि आम्हास मज्जाव होता, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी या वाक्याचा विचार करावा. मेक्तिलाच्या दंगलीशी आपला संबंध नाही असे विराथू सांगत आला. त्याने अमुक एक खून करविला असे कोर्टात सिद्ध झालेले नाही, आणि आम्हीही तसे म्हणत नाही. परंतु भिक्षूस केवळ दंडसंहिता लागू नसते. त्याने स्वेच्छेने दुसरा एक कायदा अंगावर घेतलेला असतो, तो म्हणजे विनय. चार पाराजिकांपैकी तिसरी पाराजिका मनुष्यवधाविषयी आहे. स्वतः जीव घेणारा भिक्षू तर संघातून जातोच, परंतु मारेकरी मिळवून देणारा आणि मरणाची थोरवी गाऊन माणसाला मरणाकडे ढकलणाराही जातो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या नियमात कृती आणि चिथावणी यांची सांगड घातलेली पाहून कोणाही कायदेपंडिताने आदराने मान लवविली पाहिजे. ज्या संघाचा कायदा वाणीने घडविलेल्या हत्येसही इतका कठोर आहे, त्या संघातील माणसाने जमावापुढे द्वेषाची भाषा करावी, आणि आम्ही चीवराकडे पाहून गप्प बसावे?

ब्रह्मदेशातील संघाच्या वरिष्ठ महानायक समितीने २०१७ साली त्यास एक वर्ष प्रवचनबंदी केली. उशिराचे व अपुरे, पण केले. मात्र राज्यकर्त्यांनी काय केले? २०१९ साली त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप आला, तोही मुसलमानांविरुद्ध बोलला म्हणून नव्हे, निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बोलला म्हणून. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. सप्टेंबर २०२१ मध्ये लष्करी राजवटीने त्यास मोकळे केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये सरसेनापती मिन आंग ह्लाइंग यांनी त्यास राष्ट्रसेवेबद्दल पदवी बहाल केली. धर्मरक्षक म्हणविणाऱ्या भिक्षूस शेवटी मानपत्र कोणी दिले, ते पाहून ठेवावे.

आता त्या तरुणाचा आक्षेप. तो म्हणेल, 'बाबासाहेबांनी अहिंसेचा अतिरेक मानला नाही. स्वसंरक्षणासाठी हात उचलावाच लागतो.' हे म्हणणे अर्धे खरे आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत भेद केला आहे, हे आम्हीही जाणतो. परंतु हा भेद अहिंसेतून पळवाट काढण्यासाठी केलेला नाही. माणसाने विवेक वापरावा म्हणून केलेला आहे. कायदाही खाजगी बचावाचा हक्क देतो. मात्र कोणताही न्यायाधीश त्या हक्काची हद्द पहिल्याच तासात समजावून सांगेल: धोका असेल तोवर, धोक्याच्या प्रमाणात, आणि धोका देणाऱ्याविरुद्धच. एका माणसाने खून केला म्हणून त्याच्या धर्माच्या दुसऱ्या माणसाला मारणे, हा बचाव जगातील कोणत्या संहितेत आहे? दलदलीच्या गवतात रात्रभर लपून बसलेला, सकाळी पोलिसांच्या मागे चालणारा मदरशातील पोरगा कोणाच्या जीवावर उठला होता? तेथे गरज नव्हती. तेथे फक्त इच्छा होती. बाबासाहेबांचा तोच भेद येथे लावून पाहावा, म्हणजे निकाल कोणत्या बाजूने लागतो ते कळेल.

आणि टवाळांसही एक उत्तर देऊन ठेवू. २१ मार्चच्या त्याच दिवसांत, त्याच मेक्तिलात, यदनार ऊ या विहाराच्या प्रमुखांनी, ऊ विथुद्धा यांनी (आमच्या उच्चारात विसुद्ध), ९०० च्या आसपास माणसांना विहारात आश्रय दिला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर काढा म्हणू लागला. त्यांना हवे असल्यास आधी माझा जीव घ्यावा लागेल, असे या भिक्षूंनी सांगितले. जमाव परत गेला. धम्म काय सांगतो हे ज्याला एका वाक्यात विचारायचे असेल त्याने या विहाराच्या दाराकडे बोट दाखवावे. तसेच २००७ साली लष्करशाहीविरुद्ध हजारो भिक्षू रस्त्यावर उतरले, आणि त्यांनी सेनाधिकाऱ्यांपुढे भिक्षापात्र उपडे धरले, तेही स्मरणात असावे. अन्यायी दात्याचे दान न घेण्याची ही विनयातील रीत आहे. भिक्षूलाही बहिष्कार घालता येतो. पण तो सत्ताधाऱ्यावर, भुकेल्या शेजाऱ्यावर नव्हे.

सत्तेने पोसलेल्या टोळ्या कोणाच्याच नसतात, हेही त्या देशाने पुढे पाहिले. २०२१ नंतर लष्कराच्या बाजूने प्यू सॉ टी नावाच्या सशस्त्र टोळ्या गावोगाव उभ्या राहिल्या. काही भिक्षूंनी त्यांना आशीर्वादच नव्हे, तर पुढारीपणही दिले. सगाईंग आणि मग्वे या प्रांतांत लष्कराने व या टोळ्यांनी खेडीच्या खेडी जाळली. ती बहुतांशी बर्मी बौद्धांचीच होती. विहारही वाचले नाहीत. अराकानात २०१२ साली दंगली झाल्या आणि २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले, तेव्हा 'हे आपल्यावर येणार नाही' असे ज्या बौद्ध शेतकऱ्याला वाटले असेल, त्याच्या छपराला चार वर्षांत आग लागली. महास्थविर चंद्रमणींच्या जन्मभूमीची ही अवस्था लिहिताना हात जड होतो.

परंतु आमच्या वाचकांना सर्वांत जवळची बाब अद्याप यावयाची आहे, आणि ती कायद्याची आहे. मेक्तिलानंतर याच प्रचारकांच्या 'मा बा था' या संघटनेने लाखो सह्या गोळा करून सरकारकडून चार कायदे करवून घेतले. २०१५ साली ते अमलात आले. एक लोकसंख्यानियंत्रणाचा, एक बौद्ध स्त्रियांच्या परधर्मीयाशी विवाहाचा, एक एकपत्नीत्वाचा, आणि एक धर्मांतराचा. या शेवटच्या कायद्यान्वये ज्याला धर्म बदलायचा असेल त्याने वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली असावीत, तालुक्याच्या सरकारी मंडळाकडे अर्ज करावा, मंडळापुढे मुलाखतीस हजर राहावे, आपण स्वेच्छेने बदलतो आहोत हे पटवावे, नव्या धर्माचा अभ्यास करण्यासाठी ९० दिवसांची मुदत घ्यावी, आणि मग दाखला मिळाल्यास धर्म बदलावा.

हा कायदा बौद्धांनी केला आहे, बौद्ध धर्माच्या रक्षणासाठी केला आहे असे म्हणतात. नवदीक्षित बंधुभगिनींनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे की १९५६ च्या ऑक्टोबरात असा कायदा नागपुरास लागू असता. लाखो माणसे, त्यांतील कित्येकांना अक्षरओळख नाही, एकेक करून तहसिलीच्या ओसरीवर उभी आहेत, आणि गावच्या पाटलाच्या नात्यातला कारकून विचारतो आहे, 'तुला कोणी फूस लावली? पुन्हा नव्वद दिवसांनी ये.' दीक्षाभूमी झालीच नसती.

आणि हे केवळ कल्पनेतले नाही. ८ एप्रिल २०२४ रोजी गुजरात सरकारच्या गृहखात्याने परिपत्रक काढले की बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म समजला जावा, आणि म्हणून हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात होणाऱ्या धर्मांतरासाठी २००३ च्या तेथील कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल. पहिल्या वाक्याने आमच्यातील काहीजण सुखावले: चला, स्वतंत्र धर्म मानला तर खरे! दुसरे वाक्य त्यांनी नीट वाचले नाही. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्यांना पाठबळ दिले, आणि संविधानाच्या २५ व्या कलमातील प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे असे म्हटले. आमच्या मते तो निकाल फेरविचारास योग्य आहे. कारण त्यात धर्मांतर करविणाऱ्याचा विचार आहे, धर्मांतर करू इच्छिणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीचा विचार पुरेसा नाही. शिवाय धर्म बदलल्याची किंमत सरकारदरबारी कशी मोजावी लागते, ते आम्हाला वेगळे सांगावयास नको: १९५६ ला बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतील स्थान १९९० साली परत मिळाले. मध्ये चौतीस वर्षे गेली.

तेव्हा ब्रह्मदेशातील धर्मांतरबंदीला 'आपल्या धर्माचे संरक्षण' म्हणून जो बौद्ध मान डोलावतो, त्याला गुजरातच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे हक्काची भाषा कोणत्या तोंडाने करता येईल? तेथे बहुसंख्याक बौद्ध आहेत म्हणून परवानगी योग्य, आणि येथे बहुसंख्याक हिंदू आहेत म्हणून अयोग्य, असा युक्तिवाद कोणत्याही कोर्टात पाच मिनिटे टिकणार नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे, प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. त्यांत 'बौद्ध असतील तर' अशी अट आम्हाला कोठे आढळली नाही.

वस्तीत येऊन भाऊ म्हणणाऱ्या त्या पाहुण्यास चहा अवश्य द्यावा. त्यानंतर त्यास एवढेच विचारावे की गावच्या देवळाच्या ट्रस्टवर आमचा एखादा माणूस घेता का, आणि तुमच्या घरातली मुलगी आमच्या घरात देता का. ब्रह्मदेशाच्या गोष्टी मग पुढे बोलता येतील.

या वैशाख पौर्णिमेस प्रत्येक विहारातील सभेत दोन ठराव मांडावेत अशी आमची सूचना आहे. मेक्तिला व अराकान येथे बुद्धाच्या नावाने झालेल्या हत्यांचा निषेध, ऊ विथुद्धा व त्यांच्यासारख्या भिक्षूंच्या नावे अभिनंदन, आणि २०१५ च्या धर्मांतर कायद्याच्या रद्दबातलीची मागणी, हा पहिला. गुजरातचे परिपत्रक मागे घ्यावे, आणि धर्मांतरासाठी पूर्वपरवानगीची अट कोणत्याही राज्याने ठेवू नये, हा दुसरा. दोन्ही एकाच सभेत, एकापाठोपाठ मांडावेत. एक घेऊन दुसरा सोडू नये. दोहोंचा मसुदा तयार करून या पाक्षिकाच्या कचेरीत ठेवला आहे, तो शाखांनी पत्र लिहून मागवून घ्यावा.